चौथ्या प्रश्नाचं उत्तर

वसुधा,

तू गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले. नाशिकला तुझ्या भावाकडे, अप्पांच्या घरी आज तुझ्या नावानं पान वाढलं जाईल. इथे नंदाखालला तसं काही नाही. चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला फादरांनी तुझं नाव घेतलं, तेही आईनं आग्रह धरला म्हणून, आणि मग लोक आपापल्या वाडीत कामाला गेले. मी शाळेतून रजा घेतली आहे आणि तुझ्या खोलीतल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. घाई करणार नाही. घाईनं लिहिलेलं तुला कधी आवडलं नाही. माझी पत्रंसुद्धा तू हातात लाल पेन्सिल घेऊन वाचायचीस.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, ती दडवून पुढचं लिहिता येणार नाही. मला हलकं वाटतं आहे. दुःख आहे, दिवसातून तीनचार वेळा तुला काही सांगायला मी या खोलीच्या दारापर्यंत येते आणि परत फिरते. तरी हलकं वाटतं आहे. पहिला दिवस आणि पहिली रात्र असं नव्हतं. तेव्हा माझी खात्री होती की तुझा जीव माझ्यामुळे गेला.

हे तुला नाटकी वाटेल. म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

आपण भेटलो नाशिकच्या ट्रेनिंग कॉलेजात. तू बावीस वर्षांची, लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेलेली, विटक्या करड्या साड्या नेसणारी. मी वसईकडची ख्रिस्ती मुलगी, ट्रंकेत नारळ आणि सुकवलेली केळी घेऊन आलेली. वसतिगृहात आपल्याला एक खोली मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात भांडण झालं, मी पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडते म्हणून. पुढची पंचवीसएक वर्षं आपण पत्रांतून भांडलो. तू नाशिकला भावाच्या घरी राहून शाळेत मराठी शिकवत होतीस. मी इथे इतिहास शिकवत होते आणि शाळा सुटल्यावर चर्चच्या आवारातल्या छोट्या वाचनालयाची किल्ली सांभाळत होते.

मग तुझा दमा वाढला. नाशिकची थंडी तुला सोसेना. पन्नाशीच्या अलीकडेच तू नोकरी सोडलीस आणि मला लिहिलंस, डॉक्टर म्हणतात हिवाळ्याचे महिने खाली समुद्रकाठी काढा. "ऊब कुठेही मिळेल, रेजिना. मला असं गाव हवं की जिथे ऊब आहे आणि माणसं वाचतात. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर मी इथेच खोकत बसेन."

पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. मायना, 'माननीय ग्रंथपाल यांस'. अक्षर तुझं. समुद्रकाठच्या पाच गावांच्या वाचनालयांना तू तेच चार प्रश्न पाठवले होतेस आणि त्यात मला काही सवलत नव्हती. वाचनालय कधी आणि किती वेळ उघडं असतं? सर्वांत अलीकडे घेतलेली पुस्तकं कोणती? गावात गाणं-नाटक होतं का, आणि होत असेल तर परक्या माणसाला पुढे बसू देतात का? आणि चौथा: डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं का?

चौथा का, ते मला माहीत होतं. कॉलेजात असताना एकदा आपण भल्या सकाळी नदीवर गेलो होतो आणि दवानं भिजलेल्या गवतातून चालून आल्यावर तुझी छाती आठ दिवस भरलेली होती. तेव्हापासून तू दवाला माणसासारखं नाव घेऊन शिव्या द्यायचीस.

पहिल्या तीन प्रश्नांची मी खरी उत्तरं लिहिली. शाळेच्या दिवशी चार ते सहा. एक प्रवासवर्णन आणि केळीवरच्या रोगांचं पुस्तक. नाताळानंतर चर्चच्या आवारात नाटक होतं. परक्या माणसाला पुढेच बसवतात, कारण गावातल्या सगळ्यांना मागे बसून गप्पा मारायच्या असतात.

चौथ्यापाशी थांबले. वसुधा, आमच्या वाड्यांत हिवाळ्यात किती दव पडतं हे मी कोणाला समजावून सांगायला नको. पहाटे केळीची पानं अशी गळत असतात की नवख्या माणसाला पाऊस लागला असं वाटतं. मी पेन खाली ठेवलं. कपाटातली वाचकांची वही उघडली. पानामागून पान उलटलं, एकाखाली एक माझंच नाव होतं. शेवटी लिहिलं, 'फारसं नाही.' सरळ 'नाही' लिहिण्याचं धाडससुद्धा मला झालं नाही.

तू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलीस. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी चुलीपाशी होते. ओटीचं दार वाजलं. शाल गुंडाळून तू बाहेर उभी होतीस आणि समोरच्या केळी टपटप गळत होत्या. तू हात पुढे केलास. तळव्यावर थेंब पडू दिलेस. मी दुधाचं पातेलं धरून तशीच उभी राहिले. आता ती वळेल, आता म्हणेल, हे काय गं?

तू आत आलीस, पदराला हात पुसलास आणि म्हणालीस, "चहा झाला का?"

एवढंच. त्या दिवसापासून ऊन विहिरीपर्यंत येईतो तू खोलीबाहेर पडत नसायचीस. सहा हिवाळ्यांत त्याबद्दल तू एक शब्द काढला नाहीस आणि मीही काढला नाही, एकदा काढायला गेले तेवढंच.

बाकी मात्र तू काय काय बोललीस! आल्यावर आठ दिवसांत तू वाचनालयाची कपाटं पुन्हा लावलीस. नाताळात आईनं पिठाचे तळलेले फुगे तू एकामागून एक खाल्लेस आणि मग चौकशी केलीस की इतके हलके कसे होतात.

"पिठात ताडी घालतो," आई म्हणाली.

मी डोळे मिटले. तुमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य.

"किती घालता?" तू विचारलंस.

"तुला चढण्याइतकी नाही, मास्तरीण."

"मग आणखी दोन द्या."

आईची वाक्यं मी इथे पुस्तकी मराठीत लिहिते आहे. ती तुझ्याशी आमच्या घरच्या बोलीतच बोलायची आणि तू पंधरा दिवसांत ती समजू लागली होतीस. हे वाचून तू रागावली असतीस, ते ठाऊक आहे. त्या भांडणाकडे येतेच.

ते सुरू झालं नाटकाच्या तालमीत. तुला प्रॉम्प्टिंग करायला बसवलं होतं. आमचा इनास, कोळीवाड्यातून इथे जावई म्हणून आलेला, वकिलाचं काम करत होता. साक्षीदाराला पेला देताना तो म्हणाला, "पानी घ्या."

"पाणी," तू विंगेतून म्हणालीस.

"पानी घ्या."

"इनास, पाणी. तू वकील आहेस."

इनास पेला घेऊन विंगेपाशी आला. "बाई, हा वकील कुठला दाखवलाय?"

"मुंबईचा."

"मुंबईला काय वकील झाडाला लागतात? आमच्या गावातनं गेला असंल तो शिकायला."

आवारातले सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं तू. दुसऱ्या दिवशी दुपारी वही घेऊन आईच्या पाटाशेजारी बसलीस. "मावशी, या भांड्याला तुमच्यात काय म्हणतात? या वाऱ्याला काय म्हणतात?" आई सांगत गेली, तू लिहीत गेलीस.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "वसुधा, ही घरात बोलायची भाषा आहे. ती लिहून काय करणार?"

"तू आईशी जी बोलतेस ती माझ्यासमोर बंद का करतेस? मी काय शाळा तपासायला आले आहे?"

"हो," मी म्हटलं. खरोखर म्हटलं. कॉलेजात माझ्या उच्चारांना मुली हसायच्या, तेव्हा तू हसली नव्हतीस, पण तू त्यांना थांबवलंही नव्हतंस. हे मी तुला पंचवीस वर्षांनी आमच्याच ओटीवर, तुझ्या हातातल्या वहीकडे बघत ऐकवलं. तीन दिवस आपण बोललो नाही. वाचनालयात तू टेबलाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. वाचायला येणारे दोघंतिघं आपल्यामधून वाकून वाट काढायचे. चौथ्या दिवशी तू म्हणालीस, "त्या मुलींना मी थांबवायला हवं होतं." आणि मी म्हटलं, "वही पुढे चालू ठेव." पण ती लिहावी की लिहू नये हा वाद काही मिटला नाही. तू म्हणायचीस बोली कागदावर आली नाही तर आईबरोबर जाईल. मी म्हणायचे कागदावर आली की तिला उभं राहून बोलावं लागेल, परीक्षेला बसल्यासारखं. अजूनही मला तसंच वाटतं. या बाबतीत तू मला हरवलेलं नाहीस.

दुपारी आई आणि तू ओटीवर बसायचात. पुढे सुकेळी वाळत घातलेली, सोललेल्या केळ्यांना ऊन लागून त्यांचा गोड, थोडा आंबूस वास सुटलेला. एकदा आईनं तुला विचारलं, "मास्तरीण, नाशिकला तुझं कोण आहे?"

"भाऊ आहे, भावजय आहे, भाचरं आहेत."

"ते नाही विचारलं, बाय. तुझं कोण आहे?"

तू एक केळं उचलून उलटं ठेवलंस. मग दुसरं. "ही बाजू वाळली वाटतं," म्हणालीस.

मी आत वह्या तपासत होते. तेव्हा मला वाटलं, आईनं असं विचारायला नको होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात तुला दम्याचा मोठा अटॅक आला. चार दिवस तू उशांना टेकून बसून होतीस. मी वाफ देत होते आणि खिडकीच्या फटींत कापड कोंबत होते. दर पहाटे बाहेर टपटप सुरू झाली की मी उठून त्या फटी पुन्हा चाचपायचे. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी म्हटलं, "वसुधा, ते कार्ड..."

तू हात वर केलास. दोन श्वासांच्या मध्ये म्हणालीस, "वाच काहीतरी."

मी वाचलं. केळीवरच्या रोगांचं पुस्तक हाताशी होतं, तेच वाचलं. करपा, पर्णगुच्छ, सोंडकिडा. तुला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला, मग मी पुन्हा घाबरले.

मला वाटलं होतं, त्यानंतर तू येणार नाहीस. पण ऑक्टोबरात पुन्हा कार्ड आलं. 'माननीय ग्रंथपाल यांस.' तेच चार प्रश्न. दरवर्षी तू ते पाठवलंस. पहिल्या तिन्हींची उत्तरं बदलत गेली. वाचनालय रोज सातपर्यंत उघडं राहू लागलं, पुस्तकांची संख्या वाढली, नाटकं दोन व्हायला लागली. चौथ्याचं उत्तर मी सहाही वेळा तेच लिहिलं. तुला ते खोटं आहे हे माहीत होतं, मला माहीत होतं की तुला माहीत आहे, आणि तरी तू विचारत होतीस. ही शिक्षा आहे असं मी धरून चालले. दरवर्षी लिहायला बसताना वाटायचं, या वर्षी खरं लिहू. मग वाटायचं, खरं लिहिलं आणि ती आली नाही तर?

या जानेवारीत, जायच्या चार दिवस आधी, तू पहिल्यांदा नियम मोडलास. पहाटे आईबरोबर विहिरीपर्यंत गेलीस. परत आलीस तेव्हा तुझा पदर भिजलेला होता आणि केसांत बारीक थेंब होते. मी ओरडले. तू म्हणालीस, "सहा वर्षं खिडकीतून ऐकते आहे. एकदा बघून आले."

चार दिवसांनी सकाळी नऊच्या सुमाराला तू ओटीवर उन्हात वाचत बसली होतीस. मला हाक मारून चहा मागितलास. मी घेऊन आले तेव्हा चष्मा तुझ्या मांडीवर होता आणि तू नव्हतीस.

आगाशीहून डॉक्टर आले. हृदय थांबलं म्हणाले. "रात्री छातीत घरघर होती?"

"नाही."

"मग दम्यानं नाही गेल्या. त्रास झाला नसेल."

ते भले गृहस्थ आहेत आणि माझा चेहरा बघून बोलत होते. मला फक्त तो भिजलेला पदर दिसत होता.

शेजारच्यांनी ट्रंक कॉल लावून अप्पांना कळवलं. ते भिवंडीमार्गे संध्याकाळच्या आत पोचतील असं ठरलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याला चांगलं नेसवून ठेवतात, आणि म्हाताऱ्या बायका आपलं शेवटचं वस्त्र आधीच घेऊन ट्रंकेत जपतात. आईनं आपली ट्रंक उघडली. घडी न मोडलेलं लाल लुगडं बाहेर काढलं.

"आई, नको. ती हिंदू आहे, विधवा आहे. तिच्या भावाला काय वाटेल?"

"भाऊ येईल तेव्हा येईल. तोवर तिला त्या विटक्या साडीत ठेवू? मी मला दुसरं घेईन."

आईनं आणि शेजारणींनी तुला आमच्यासारखं नेसवलं. खरं सांगते, तू फार सुंदर दिसत होतीस आणि मला फार भीती वाटत होती.

अप्पा चार वाजता आले. मी त्यांना इतक्या वर्षांत एकदाच पाहिलं होतं. काळी टोपी, हातात कापडी पिशवी. ते तुझ्यापाशी उभे राहिले. ओटीवर आमची माणसं, उशाशी मेणबत्ती, आणि त्यांची बहीण लाल लुगड्यात.

"हे कोणी नेसवलं?"

आई पुढे झाली. "मी."

अप्पांनी लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहिला. मग म्हणाले, "बाविसाव्या वर्षी आमच्या आईनं हिचं लाल बंद केलं. मी तिथेच होतो. काही बोललो नाही." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "असू द्या. बदलू नका."

आगाशीच्या एका निवृत्त मास्तरांनी तिरडी कशी बांधायची ते दाखवलं. आमच्या पोरांना ते येत नव्हतं, पण गाठी त्यांनी घट्ट मारल्या. इनासनं पुढचा खांदा दिला. सूर्य मावळायच्या आत सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला मी अप्पांबरोबर निघाले. जवळची वाट वाडीतून जाते. केळीच्या रांगेत शिरलो आणि त्यांच्या टोपीवर टपकन थेंब पडला. मग खांद्यावर. धोतराचा काठ गवतानं भिजला.

"रात्री पाऊस झाला की काय?"

"दव आहे," मी म्हटलं.

"एवढं?"

मी थांबले. "अप्पा, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. इथे सगळा हिवाळा असंच दव पडतं. वसुधानं मला कार्डावर विचारलं होतं आणि मी खोटं लिहिलं. दरवर्षी लिहिलं."

"'फारसं नाही,'" ते म्हणाले.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"अहो बाई, ते कार्ड मला पाठ आहे." विहिरीच्या काठावर रुमाल पसरून ते बसले. "तिनं तुम्हाला काय सांगितलं होतं? डॉक्टरांनी समुद्रकाठ सांगितला म्हणून?"

"हो."

"डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली होती. ओल टाळा म्हणाले. तिला माझ्या सासुरवाडीला जळगावला पाठवायचं आम्ही ठरवलं होतं. मोठं घर, बाळंतपणं, पापड-लोणची, तिला रिकामं बसायला मिळालं नसतं. वसू म्हणाली, मला समुद्र हवा. मी म्हटलं, तिकडे दव असतं. म्हणाली, विचारून बघते. आणि पाच गावांना कार्डं टाकली."

"बाकीच्यांनी काय लिहिलं?"

"पडतं म्हणून लिहिलं. एका चिटणीसांनी तर 'विपुल' असा शब्द वापरला." अप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मग तुमचं आलं. जेवताना तिनं ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाली, बघा अप्पा, एक गाव आहे. त्यानंतर दर ऑक्टोबरला ते कार्ड ताटाशेजारी यायचं. मी वाचायचो आणि म्हणायचो, बरं आहे, जा."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"बाई, माझा जन्म पाटबंधारे खात्यात गेला. समुद्रकाठच्या केळीत दव पडत नाही हे मी मानेन?"

"मग बोलला का नाहीत?"

अप्पांनी चष्मा पुसला. "एकदा न बोलून तिचं वाटोळं केलं होतं. म्हटलं, या खेपेला न बोलून काही बरं होतंय का बघू. मार्चमध्ये तुमच्याकडून परत आली की महिनाभर स्वयंपाकघरात गुणगुणायची. आमची ही म्हणायची, वन्सं इतक्या खुशीत कशा? नाशिकला सबंध हिवाळा ती खोलीतून बाहेर येत नसे."

मी हसले, वसुधा. तुझ्या अस्थी आणायला निघालेली मी, विहिरीवर उभी राहून मोठ्यानं हसले, आणि मग अप्पाही हसले, आणि मग आम्ही दोघंही रडलो. वरून पानं गळतच होती.

तेव्हापासून मी श्वास घेते आहे.

सहा वर्षं मी समजत होते की तुझं हिवाळ्याचं गाव मी निवडलं. फसवून निवडलं. गाव तू निवडलं होतंस, आणि मी काय लिहीन हेही तुला बहुतेक आधीच ठाऊक होतं. कॉलेजात मी हजेरीच्या वेळी तुझ्यासाठी किती खोटं बोलायचे! तू मला दरवर्षी शिक्षा करत नव्हतीस. तुला दरवर्षी ते खोटं लागत होतं, ताटाशेजारी ठेवायला. मला हे सांगितलं असतंस तर माझ्या कितीतरी पहाटा वाचल्या असत्या. याबद्दल मी तुझ्यावर रागावलेली आहे, आणि हा राग मला काही दिवस ठेवायचा आहे. तो बरा वाटतो.

दवानं तुझं एखादं वर्ष कमी झालं का? झालंही असेल. जळगावच्या कोरड्या हवेत तू कदाचित आणखी जगली असतीस, पापड लाटत. हा हिशेब तू स्वतः केलेला होता, पूर्ण शुद्धीत, पहिल्याच सकाळी तळव्यावर थेंब घेऊन. त्यात मी बोट घालायचं कारण नाही.

एकच राहिलं आहे. मी खोटं का लिहिलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. वाचनालयाला वाचक हवा होता म्हणून नव्हे, जरी ते कारण मी स्वतःलाही देत आले. मला तू हवी होतीस. पन्नाशीला आलेली बाई असं कार्डावर लिहू शकत नाही, शिवाय तुझ्या चार प्रश्नांत तो प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी दुपारी अप्पांना बसवायला मी आगाशीच्या स्टँडवर गेले. तुझा कलश त्यांच्या मांडीवर होता, वर आईनं पाठवलेली सुकेळीची पुडी. गाडी सुटायला वेळ होता. खिडकीतून त्यांनी विचारलं, "ती इथे दिवसभर काय करायची हो?"

"वाचायची. भांडायची."

"वसू? कोणाशी?"

"माझ्याशी. आईशी. प्रार्थनेतली मराठी दुरुस्त करा म्हणून फादरांशी. नाटकवाल्यांशी तर रोज."

"आमच्याकडे तिनं कधी आवाज चढवला नाही," ते म्हणाले. कलशावरची पुडी सरळ केली. मग हलकेच विचारलं, "चांगली भांडायची का?"

"फार चांगली."

त्यांनी मान हलवली, समाधानानं, एखाद्या मुलाचा निकाल ऐकावा तशी. कंडक्टरनं दोरी ओढली.

मी घरी आले तेव्हा आई जेवायची थांबलेली होती. आदल्या सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. पानावर बसले. भात संपला, पुन्हा मागितला. तोही संपला. आईनं पातेलंच माझ्याकडे सरकवलं.

तुझी,
रेजिना